फेस्टिनिऑग रेल्वे

फेस्टिनिऑग रेल्वे : वायव्य वेल्समधील अरुंदमापी लोहमार्ग. पोर्थमॅडॉग बंदरापासून पाटीच्या दगडाच्या खाणींकरिता प्रसिद्ध असलेल्या ब्लाइनाय फेस्टिनिऑग या गावापर्यंत जाणाऱ्या या मार्गाची लांबी सु. २२ किमी. असून रुळांमधील अंतर अवघे ५९·७ सेंमी. आहे. १९४६ मध्ये बंद पडलेला हा मार्ग १९५४ नंतर मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमांतून टप्प्याटप्प्याने उभा राहिला व १९८२ मध्ये पुन्हा शेवटच्या स्थानकापर्यंत पोहोचला. जुन्या रेल्वेमार्गांच्या जतनाचे प्रयत्न जगात अनेक झाले; परंतु जलाशयाखाली गेलेल्या भागाऐवजी डोंगरातून नवा मार्ग हौशी माणसांनी स्वतः खोदून काढल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच आढळते.

मार्गाला संमती देणारा संसदेचा कायदा मे १८३२ मध्ये झाला व १८३६ मध्ये वाहतूक सुरू झाली. हेन्‍री आर्चर हा या उपक्रमाचा प्रवर्तक, तर मार्गाची आखणी जेम्स स्पूनर याने केली. खाणी समुद्रसपाटीपासून सु. २१० मी. उंचीवर आणि बंदर पायथ्याशी, ही स्थिती ध्यानात घेऊन त्याने डोंगरकडांच्या वळणांनुसार जाणारा सलग उतार साधला. मालाने भरलेल्या वाघिणी उतारावरून आपल्याच वजनाने खाली येत. त्यांवर बसलेले ब्रेकवाले वेग आवरीत. रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढून नेत आणि उतरताना हेच घोडे गाडीला जोडलेल्या खास वाघिणीत उभे राहून खाली येत. बंदराजवळ मार्ग सु. दीड किमी. लांबीच्या ‘कॉब’ नावाच्या बांधावरून जातो. खाडीची जमीन मिळविण्यासाठी विल्यम मॅडॉक्स याने हा बांध १८११ मध्ये पुरा केला होता. त्याच्या एका टोकाशी असलेल्या बॉस्टन लॉज येथे पुढे रेल्वेची कर्मशाळा निघाली.

एवढ्या अरुंद रुळांवर बाष्प-एंजिन चालणे अशक्य आहे, असे त्या काळी पुष्कळ अभियंते मानीत. जेम्सचा मुलगा चार्ल्स ईस्टन स्पूनर (१८१८–८९) याने १८६३ मध्ये लंडनच्या जॉर्ज इंग्लंड या कारखान्याची एंजिने आणून ही समजूत खोटी ठरविली. १८६५ मध्ये प्रवासी वाहतुकीस अधिकृत मान्यता मिळाली. (बडोदे संस्थानातील डभोई–मियागाम हा भारतातील पहिला अरुंदमापी मार्ग याच सुमारास, १८६२ मध्ये सुरू झाला. त्यावर प्रारंभी गाड्या बैल ओढीत.) वाहतूक वाढल्यावर मार्ग दुहेरी करण्याचा खर्च टाळण्यासाठी स्पूनरने रॉबर्ट फेअर्ली (१८३१–८५) याच्या पद्धतीचे ‘लिटल वंडर’ हे जोड-एंजिन १८६९ मध्ये वापरात आणले. यात दोन बाष्पित्रे पाठीला पाठ लावल्याप्रमाणे एकत्र जोडलेली असून सर्व भार दोन स्वतंत्रपणे वळणाऱ्या चालक बोगींवर असतो; त्यामुळे तीव्र वळणांवरही मोठे एंजिन रूळ न सोडता चालते. फेब्रुवारी १८७० मधील त्याच्या चाचण्या पाहण्यास रशियाचे शाही मंडळ आले होते. स्वस्त, अरुंद मार्गांची कल्पना यानंतर जगभर पसरली. भारतातील दार्जिलिंग (१८८१) आणि नेरळ–माथेरान (१९०७) हे ६१ सेंमी. मापाचे डोंगरी मार्ग त्याच विचारधारेतील होत.

विसाव्या शतकात पाटीच्या दगडाचा व्यापार घसरला, मोटारींची स्पर्धा वाढली. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच प्रवासी गाड्या थांबल्या आणि १ ऑगस्ट १९४६ रोजी उरलेली मालवाहतूकही बंद झाली. मार्गाचे रूळ मात्र भंगारात गेले नाहीत. याचे कारण कोणाची दूरदृष्टी नसून १८३२ च्या कायद्यातील एक उणीव होती : कंपनीला मार्ग बांधण्याचा अधिकार मिळाला होता, सोडून देण्याचा नव्हता. तो मिळविण्यासाठी संसदेत नवा कायदा संमत करून घ्यावा लागला असता आणि तेवढा पैसा कंपनीकडे नव्हता. परिणामी एंजिने शेडमध्ये, डबे जागच्या जागी आणि रूळ झुडपांखाली, अशी सर्व मालमत्ता आठ वर्षे पडून राहिली.

दरम्यान जवळच्याच टॅलिलिन रेल्वेच्या रक्षणासाठी एल. टी. सी. रोल्ट (१९१०–७४) प्रभृतींनी १९५० मध्ये संस्था स्थापून १९५१ पासून स्वयंसेवकांच्या बळावर गाड्या चालविण्यास प्रारंभ केला होता. जगातील हा अशा स्वरूपाचा पहिला प्रयोग मानला जातो. त्याच वर्षी ब्रिस्टल येथे सतरा वर्षांच्या एका तरुणाने फेस्टिनिऑगच्या पुनरुज्जीवनासाठी सभा बोलाविली. मुख्य अडचण कंपनीवरील कर्जाची होती. ती ॲलन पेगलर (१९२०–२०१२) या उद्योजकाने सोडविली. जून १९५४ मध्ये कंपनीचा ताबा त्याच्याकडे आला. परंतु आपले भाग त्याने स्वतःजवळ न ठेवता एका विश्वस्त निधीच्या स्वाधीन केले. या एका निर्णयामुळे रेल्वेची कायदेशीर कंपनी, तिची मालकी सांभाळणारा न्यास आणि श्रम व वर्गणी पुरविणारी स्वयंसेवकांची संस्था, अशी त्रिस्तरीय घडण अस्तित्वात आली. पुढील संकटांत रेल्वे टिकली त्याचे बरेचसे श्रेय या घडणीला द्यावे लागते.

पहिले काम झाडे तोडण्याचे होते. रुळांमध्ये रोपे नव्हे, तर लहान वृक्षच वाढले होते. जुलै १९५५ मध्ये कॉबवरून बॉस्टन लॉजपर्यंत पहिली प्रवासी गाडी पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या एंजिनाने ओढून नेली; मूळच्या एंजिनांपैकी ‘प्रिन्स’ हे त्याच ऋतूत दुरुस्त होऊन कामावर आले. १९५६ मध्ये मिनफोर्ध, १९५७ मध्ये पेनरिन आणि १९५८ मध्ये तान-अ-बूल्ख अशी वाटचाल झाली. प्रत्येक टप्प्याचे उत्पन्न पुढच्या टप्प्यात घालावयाचे, हे सूत्र होते. कुजलेले स्लीपर बदलणे, खडी भरणे, गटारे मोकळी करणे अशी कामे शनिवार-रविवारी दूरवरून आलेली कारकून, विद्यार्थी, शिक्षक मंडळी करीत. एंजिनांची दुरुस्ती मात्र केवळ उत्साहाने होत नाही. त्यासाठी पगारी कारागीरही ठेवावे लागले आणि पगारी व बिनपगारी माणसांनी एकाच छपराखाली काम करण्याची पद्धत येथे हळूहळू बसली.

याच सुमारास वरच्या भागावर मोठे संकट आले. तानग्रिशे येथे उदंचन जलविद्युत् केंद्र उभारण्यासाठी राष्ट्रीय वीज मंडळाने १९५५ च्या कायद्यान्वये जमीन मिळविली आणि तेथील जलाशयात मॉयलविन बोगद्याच्या उत्तरेकडील लोहमार्ग बुडाला. बंद पडलेल्या, उत्पन्न नसलेल्या रेल्वेची हानी कितीशी मानावयाची, हा वादाचा मुद्दा होता. पर्यटकांकडून पुढे मिळू शकणारे उत्पन्न हेही नुकसानच होय, असे कंपनीचे म्हणणे होते. हा दावा सु. अठरा वर्षे चालला. इंग्लंडच्या न्यायव्यवहाराच्या इतिहासातील दीर्घ दाव्यांत त्याची गणना होते. १९७१ मध्ये भूमी न्यायाधिकरणाने ६५,००० पौंडांची भरपाई मान्य केली व व्याजासह सु. १,०६,७०० पौंड १९७२ मध्ये हाती आले. केंद्र १९६३ मध्येच सुरू झाले होते.

निकालाची वाट न पाहता स्वयंसेवकांनी जानेवारी १९६५ मध्ये द्युआल्ट येथे नव्या मार्गाची खोदाई सुरू केली होती. पैसा येईल की नाही हे माहीत नसताना घेतलेला हा निर्णय धाडसाचा, काहींच्या मते अविचाराचा होता. जलाशयाच्या पातळीच्या वर जाण्यासाठी मार्गाला सु. ११ मी. अधिक उंची थोड्या अंतरात गाठावयाची होती. त्यासाठी द्युआल्ट येथे पूर्ण वळसा घेऊन मार्ग पुलावरून स्वतःलाच ओलांडतो, अशी रचना केली. दार्जिलिंगच्या प्रवाशांना ही युक्ती परिचित आहे. ब्रिटनमधील सार्वजनिक रेल्वेवर मात्र असा हा एकमेव वळसा आहे. सु. ४ किमी. लांबीच्या या नव्या मार्गासाठी कुदळ, फावडे, सुरुंग आणि छोट्या रुळांवर ढकलण्याच्या वाघिणी एवढीच साधने पहिली अनेक वर्षे होती. तेथे रस्ता नव्हता, त्यामुळे माणसे व अवजारे रेल्वेनेच आणावी लागत. पावसाळी हवेत, पीटच्या दलदलीत आणि कठीण खडकात आठवड्याच्या सुट्ट्यांपुरते होणारे हे काम साहजिकच संथ चालले. १९६८ मध्ये प्रवासी गाड्या द्युआल्टपर्यंत आल्या आणि खोदाई करणाऱ्यांना आपल्या कामाच्या दारापर्यंत गाडी मिळाली.

मॉयलविनचा नवा, सु. २८७ मी. लांबीचा बोगदा हौशी मनुष्यबळाच्या आवाक्याबाहेरचा होता. तो कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींतील अनुभवी खाणकामगारांकडून १९७५–७७ या काळात खोदून घेण्यात आला. याला पर्यटन मंडळाचे व रोजगारनिर्मितीच्या सरकारी योजनेचे साहाय्य मिळाले. म्हणजे ‘स्वयंसेवकांनी बांधलेली रेल्वे’ हे वर्णन अक्षरशः खरे नाही. परंतु हा बोगदा जेथे हवा तेथपर्यंतचा मार्ग त्यांनी आधी नेऊन ठेवला नसता, तर त्याला अनुदान देण्याचा विचारही कोणी केला नसता. जलाशयाच्या पश्चिमेने, वीज केंद्राच्या मागून, त्याच्या जलवाहिन्यांवरून जाऊन नवा मार्ग जुन्याला मिळाला. १९७८ मध्ये तानग्रिशे आणि २५ मे १९८२ रोजी ब्लाइनाय फेस्टिनिऑग येथे गाडी पोहोचली. मूळ कायद्याला त्याच आठवड्यात दीडशे वर्षे पूर्ण झाली होती. तेथे ब्रिटिश रेल्वेशी सामाईक स्थानक बांधण्यात आले.

स्थानिक समाजाशी या उद्योगाचे नाते सरळ नव्हते. स्वयंसेवकांत इंग्लंडहून येणाऱ्यांचा भरणा मोठा, तर खाणींच्या गावांची बोली व संस्कृती वेल्श. बापजाद्यांनी कष्टांची मजुरी केली तो मार्ग परक्यांनी सुट्टीच्या आनंदासाठी चालवावा, याचे काहींना वैषम्य वाटणे समजण्याजोगे आहे. कायद्यातील ‘फेस्टिनिऑग’ या नावाचे इंग्रजी वर्णलेखन एकेरी ‘एफ’चे होते, वेल्श पद्धतीचे दुहेरी ‘एफ’ रेल्वेने पुढे स्वीकारले, ही बाब लहान असली तरी सूचक आहे. खाणी जवळजवळ बंद झाल्यावर रेल्वे ही त्या भागातील रोजगार देणारी संस्था बनली आणि दुरावाही कमी झाला.

जुन्या वस्तू होत्या तशा ठेवणे एवढाच जतनाचा अर्थ येथे घेतला गेला नाही. खाणींत काम केलेली, हन्स्लेट कंपनीने १८९३ मध्ये बांधलेली ‘लिंडा’ व ‘ब्लांश’ ही एंजिने विकत घेऊन त्यांत मोठे फेरफार करण्यात आले. ठिणग्यांनी मार्गालगतच्या वनांना आगी लागत, म्हणून १९७० नंतर एंजिने तेलावर चालविली. विसाव्या शतकानंतर ती पुन्हा कोळशाकडे वळविण्यात आली. काटेकोर जतनवाद्यांना हे रुचले नाही. परंतु ही रेल्वे पूर्वीपासूनच नवे प्रयोग करणारी होती, असे उत्तर त्यावर देता येते.

पुढील विस्तार अधिक वादग्रस्त ठरला. शेजारची वेल्श हायलँड रेल्वे १९२३ मध्ये पूर्ण होऊन १९३० नंतरच्या दशकात बंद पडली व तिचे रूळ १९४१ मध्ये उखडले गेले. तिच्या पुनरुज्जीवनासाठी दुसरी एक संस्था प्रयत्नशील असतानाच फेस्टिनिऑग कंपनीने १९८७ मध्ये नाव गुप्त ठेवून जुन्या मार्गाच्या जमिनीसाठी बोली केली. स्पर्धा उभी राहू नये हा प्रारंभीचा हेतू होता आणि तो उघड होताच कंपनीच्या स्वतःच्या सभासदांतही नाराजी पसरली. नंतर धोरण बदलून कंपनीनेच हा मार्ग बांधण्यास घेतला. लॉटरी निधीच्या साहाय्याने कॅर्नार्व्हनपासून १९९७ मध्ये सुरुवात होऊन २०११ मध्ये तो पोर्थमॅडॉगला जोडला गेला. शेवटच्या टप्प्यातील रूळ स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी टाकले. सु. ४० किमी. लांबीच्या या मार्गावर दक्षिण आफ्रिकेतून आणलेली गॅरट एंजिने चालतात.

वायव्य वेल्सच्या पाटीच्या दगडाच्या भूप्रदेशाला २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात या रेल्वेचा समावेश आहे. दार्जिलिंग रेल्वेला तो १९९९ मध्येच मिळाला होता. भारतातील डोंगरी मार्ग शासकीय रेल्वे चालविते. त्यामुळे तेथे हौशी श्रमांना फारसे स्थान नाही. बॉस्टन लॉजच्या कर्मशाळेत दुरुस्तीबरोबर नवनिर्मितीही होते. फेअर्ली पद्धतीची ‘अर्ल ऑफ मेरिऑनेथ’ (१९७९), ‘डेव्हिड लॉइड जॉर्ज’ (१९९२) आणि ‘जेम्स स्पूनर’ (२०२३) ही जोड-एंजिने तेथेच तयार झाली. विशेष प्रसंगी पाटीच्या दगडाच्या जुन्या वाघिणींची गाडी आजही उतारावरून एंजिनाविना सोडण्यात येते व ब्रेकवाल्यांच्या जागी स्वयंसेवक बसतात.