मंत्रिपदानंतरची वाट : मुंबई प्रांत, महाराष्ट्र आणि खानदेश यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

प्रस्तावना

मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग या दोहोंच्या सान्निध्याचा लाभ असलेले धुळे जिल्ह्यातील ठिकाण म्हणजे शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा. येथे औद्योगिक वसाहत आहे. सन २००७ नंतर आखल्या गेलेल्या दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या आराखड्यात 'धुळे-नरडाणा गुंतवणूक क्षेत्र' असा उल्लेखही आला. प्रत्यक्षात महाराष्ट्रात अग्रक्रम मिळाला तो शेंद्रा-बिडकीनला. धुळे-नरडाणा रेल्वेमार्गाची मागणी अनेक दशकांची. त्याची कोनशिला बसली फेब्रुवारी २०१९ मध्ये. हे निर्णय घेतले जातात मुंबईत व दिल्लीत, आणि ज्यांना तेथील कार्यालयांची दारे, टिप्पणी लिहिण्याची रीत व अधिकाऱ्यांचा स्वभाव ठाऊक असतो, त्यांचा शब्द तेथे लवकर पोहोचतो. माजी मंत्र्याइतके हे ज्ञान दुसऱ्या कोणापाशी असणार?

मंत्रिपद सोडल्यावर एखाद्या उद्योगसंस्थेच्या संचालक मंडळावर जाणे, अथवा उद्योगांच्या वतीने शासनदरबारी पाठपुरावा करणे, हा विषय आपल्याकडे बहुधा अमेरिकेची वा युरोपची उदाहरणे देऊन मांडला जातो. ती उदाहरणे ठळक आहेत यात शंका नाही. डिक चेनी १९९३ पर्यंत अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते, १९९५ मध्ये हॅलिबर्टन कंपनीचे प्रमुख झाले आणि २००१ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदी परतले. जर्मनीचे चॅन्सलर गेरहार्ड श्रोडर २००५ मध्ये पद सोडताच नॉर्ड स्ट्रीम या वायुवाहिनी कंपनीत गेले. तथापि हा व्यवहार आपल्याला परका नाही. मुंबई प्रांताच्या इतिहासात तो स्वातंत्र्यपूर्व काळापासून दिसतो. त्याचे स्वरूप मात्र वेगळे होते, आणि त्या वेगळेपणाचाच विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९४३ : एक राजीनामा, तीन वाटा

खानदेशच्या वाचकाने या विषयाचा आरंभ कापसापासून करावा. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव येथील गिरण्या आणि मुंबईच्या गिरण्या यांचे भवितव्य आयात करांच्या दरांशी बांधलेले होते. सन १९३३ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाचे अध्यक्ष होमी मोदी यांनी लँकेशायरच्या शिष्टमंडळाशी करार केला. तो मोदी-लीस करार म्हणून ओळखला जातो. ब्रिटिश कापडावरील करात सवलत द्यावी आणि बदल्यात लँकेशायरने हिंदी कापसाची अधिक उचल करावी, असा त्याचा आशय होता. राष्ट्रीय वृत्तीच्या वृत्तपत्रांनी आणि अहमदाबादच्या गिरणीमालकांनी त्यावर कडक टीका केली. परंतु १९३४ च्या कापड संरक्षण कायद्यात त्या कराराचे प्रतिबिंब उमटले. दोन देशांतील उद्योगपतींनी आपसांत ठरविलेली गोष्ट वर्षभराच्या आत कायद्याच्या भाषेत आली. लॉबिंग हा शब्द त्या वेळी मराठीत रुळला नव्हता. गोष्ट मात्र तीच होती. आणि ज्याच्या कापसाचा सौदा झाला तो तापीकाठचा शेतकरी त्या बैठकीत कोठेच नव्हता.

हेच मोदी पुढे टाटा समूहात संचालक झाले आणि १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या विस्तारित कार्यकारी मंडळात पुरवठा खात्याचे सभासद म्हणून गेले. हे पद नावाने मंत्रिपद नसले तरी कामाने तसेच होते. युद्धकाळात पुरवठा खाते म्हणजे देशातील सर्वांत मोठा खरेदीदार. गिरणीमालक संघाच्या माजी अध्यक्षाकडे कापडासह सर्व युद्धसामग्रीची खरेदी सोपविण्यात आली, याबद्दल त्या काळी फारसे आश्चर्य व्यक्त झाले नाही.

फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. त्यांची सुटका करण्यास सरकारने नकार दिला, तेव्हा मोदी, नलिनीरंजन सरकार आणि यवतमाळचे माधव श्रीहरी तथा बापूजी अणे या तिघांनी कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. कारण एक, दिवस एक. पुढील वाटा मात्र तीन. मोदी टाटा समूहात परतले. सरकार यांचे क्षेत्र कलकत्त्याचा विमा व्यवसाय होते. ते पुढे पश्चिम बंगालचे अर्थमंत्रीही झाले. अणे यांच्यामागे परतण्यासाठी कोणतीही कंपनी नव्हती. ते सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले आणि स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल झाले. पद सोडल्यानंतर माणूस कोठे जातो हे त्याच्या नीतिमत्तेपेक्षाही तो कोठून आला यावर अधिक अवलंबून असते, असे या तिघांकडे पाहून म्हणावेसे वाटते.

टाटा समूहातीलच दुसरे उदाहरण सर अर्देशिर दलाल यांचे. मुळात ते आय.सी.एस. अधिकारी, मुंबईचे महापालिका आयुक्त. पुढे टाटा समूहात गेले. जानेवारी १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मुंबई योजने'च्या आठ कर्त्यांपैकी ते एक होते. त्याच वर्षी ते नियोजन व विकास खात्याचे सभासद झाले आणि एप्रिल १९४५ चे औद्योगिक धोरणविषयक निवेदन त्यांच्याच खात्यातून निघाले. उद्योगपतींच्या योजनेचा कर्ता शासनाच्या योजनेचा अधिकारी झाला! मुंबई योजनेचे दुसरे कर्ते जॉन मथाई. तेही टाटांकडून शासनात आले, रेल्वेमंत्री व अर्थमंत्री झाले. नियोजन आयोगाच्या वाढत्या अधिकारांवरून मतभेद होऊन १९५० मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ते टाटांकडे परतले. एवढ्यावर त्यांचा शासनाशी संबंध संपला नाही. १९५३ मध्ये नेमलेल्या करचौकशी आयोगाचे ते अध्यक्ष होते. ज्या करांचा भार उद्योगांवर पडायचा, त्यांची चौकशी उद्योगसमूहातून आलेल्या माजी अर्थमंत्र्याकडे सोपविली गेली. मथाई यांच्या सचोटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न व्यक्तीच्या सचोटीचा नाही. त्या काळी अर्थव्यवहार जाणणारी माणसे इतकी थोडी होती की शासन आणि उद्योग यांना तीच ती माणसे आळीपाळीने वापरावी लागत, ही वस्तुस्थिती नोंदविण्यासारखी आहे.

चिंतामणराव देशमुख

मथाई यांच्यानंतर अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख हे या कथेतील वेगळे पात्र. महाडजवळील नाते येथे १८९६ मध्ये जन्म, आय.सी.एस., १९४३ पासून रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ अर्थमंत्री. त्यांच्या कारकिर्दीत इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा व्यवसाय शासनाच्या ताब्यात आला आणि १९५६ चा कंपनी कायदा संमत झाला. मॅनेजिंग एजन्सी पद्धतीवर त्या कायद्याने निर्बंध आणले. देशातील प्रत्येक मोठ्या उद्योगसमूहाची आर्थिक नाडी ज्यांच्या हाताला ठाऊक होती अशा दोन-चार माणसांत देशमुखांची गणना करावी लागेल. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. आपण ज्या अनुदानव्यवस्थेत अध्यापन करतो तिच्या आरंभीच्या घडणीत या निवडीचा वाटा आहे, हे प्राध्यापकवर्गाने विसरू नये. देशमुखांना ही वाट घ्यावी असे कोणत्याही नियमाने सांगितलेले नव्हते.

सहकारातील निराळी परिस्थिती

सन १९६० नंतरच्या महाराष्ट्रात मंत्री आणि कंपनी यांच्यातील येरझार त्या मानाने कमी दिसते. याचे श्रेय आपल्या राजकीय संस्कृतीला देण्याची घाई करू नये. प्रवरानगरच्या प्रयोगानंतर साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, सूतगिरणी आणि शिक्षणसंस्था यांचे जे जाळे निर्माण झाले, त्यात नेतृत्व व उद्योगाचे व्यवस्थापन एकाच घरात नांदू लागले. खानदेशात पांझराकान, शिरपूरचा शेतकरी कारखाना, फैजपूरचा मधुकर ही नावे प्रत्येकास परिचित आहेत. मंत्रिपद गेलेल्या नेत्याला नोकरी देणारी कंपनी शोधावी लागत नव्हती. त्याचा मतदारसंघ आणि त्याचा कारखाना एकाच शिवारात होते. म्हणजे उंबरठा ओलांडण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण मधली भिंतच नव्हती. या व्यवस्थेने ग्रामीण भागात भांडवल व शिक्षण आणले हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, शासनाची थकहमी मागणारा आणि ती देणारा यांच्यातील अंतर तिने फार कमी केले. तापीच्या खोऱ्यातील सभासद शेतकऱ्याला कंपनीच्या भागधारकापेक्षा अधिक माहिती मिळाली का, हा प्रश्न अभ्यासकांनी कारखान्यांच्या वार्षिक अहवालांच्या आधारे तपासण्याजोगा आहे.

नियम कोठे थांबतात

संथानम समितीच्या काळात, १९६४ मध्ये, केंद्रीय व राज्य मंत्र्यांसाठी आचारसंहिता तयार झाली. पद स्वीकारण्यापूर्वी मंत्र्याने आपली मालमत्ता व व्यावसायिक हितसंबंध उघड करावेत, उद्योगाच्या व्यवस्थापनाशी संबंध तोडावा, असे ती सांगते. पदावर असेपर्यंतची बंधनेही ती घालते. पदावरून उतरल्यानंतर काय, याविषयी मात्र ती मौन पाळते. निवृत्त वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यास खाजगी व्यावसायिक नोकरी धरण्यासाठी पहिले एक वर्ष शासनाची अनुमती लागते. त्याच्या टिप्पणीवर सही करणाऱ्या मंत्र्यास असे बंधन नाही. ब्रिटनमध्ये १९७५ पासून अशा नेमणुकांवर सल्ला देणारी समिती होती. ती दुबळी म्हणून तिच्यावर टीका झाली आणि २०२५ मध्ये ती बरखास्त करून तिचे काम अन्य यंत्रणांकडे देण्यात आले. पण दुबळी असली तरी तिच्या दप्तरात नोंद राहत असे.

नोंदीचे महत्त्व एका प्रसंगाने ध्यानी यावे. अमेरिकेत १९९५ च्या कायद्यानुसार लॉबिंगवरील खर्च जाहीर करावा लागतो. सन २०१२ च्या अखेरीस वॉलमार्टने तेथे सादर केलेल्या विवरणपत्रांत भारतातील बाजारपेठेचा विषय असल्याचे दिसून आले. संसदेत गदारोळ झाला, चौकशी समिती नेमली गेली. आपल्या किराणा दुकानदारांशी संबंधित पाठपुराव्याची माहिती आपल्याला परदेशी कायद्यामुळे मिळाली. सन २०१३ मध्ये लोकसभेत लॉबिंग उघड करण्यासंबंधीचे खाजगी विधेयक मांडले गेले. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. कंपन्यांनी राजकीय पक्षांना द्यावयाच्या देणग्यांवर १९६९ मध्ये बंदी आली, ती १९८५ मध्ये उठली, आणि निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केले. पैशाच्या वाटेवर निदान एवढा वाद झाला. माणसांच्या वाटेवर तेवढाही झालेला नाही.

नरडाण्याचा इतिहास उद्या कोणी लिहू लागल्यास त्याला औद्योगिक वसाहतीसाठी घेतलेल्या जमिनींचे गट क्रमांक राजपत्रात सापडतील. महामंडळाचे ठराव माहितीच्या अधिकाराखाली मागता येतील. रेल्वेमार्गासाठी दिलेली निवेदने स्थानिक वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत मिळतील. शेंद्रा-बिडकीनला अग्रक्रम देण्यापूर्वी कोणत्या उद्योगाच्या वतीने कोण, पूर्वी कोणते पद भूषविलेला, कोणत्या कार्यालयात जाऊन बसला होता की कोणीच नव्हता, याची नोंद ठेवण्याचे बंधन मात्र कोणत्याही कार्यालयावर नव्हते.