वॉरंटी संपल्यावर टीव्ही बंद पडला तर?
मालेगाव : वॉरंटी संपली म्हणून टीव्ही लगेच भंगारात काढू नये. आवाज येतो पण चित्र नाही, असं असेल तर अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारून बघावा. पुसट चित्र दिसलं तर बहुधा पॅनल शाबूत आहे, मागच्या एलईडी पट्ट्या गेल्यात. त्या बदलता येतात. पॅनलच फुटलं असेल तर मात्र खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो. मागचं झाकण घरी उघडू नये, प्लग काढला तरी आत करंट राहतो.

काय गेलं, किती लागतील, हे मेकॅनिककडून कागदावर घ्यावं. वॉरंटी कार्डही वाचावं, काही कंपन्या पॅनलला जादा मुदत देतात.

दोष मुळातलाच असेल तर वॉरंटीनंतरही दाद मागता येते, पण तो सिद्ध करावा लागतो. पक्कं बिल नसलं की इथंच गाडं अडतं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथं मिटलं नाही तर नाशिकचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे टीव्ही बाहेरगावाहून किंवा ऑनलाइन घेतला असला तरी तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत २ वर्षं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.