काडतूस, कारखाना आणि कोषागार : मोठ्या कॅलिबरच्या अर्धस्वयंचलित रायफलीच्या निवडीचा इतिहास (१९३२ ते २०२०)

प्रस्तावना :

मराठीतील इतिहासलेखनात शस्त्रास्त्रांचा विचार प्रामुख्याने युद्धवर्णनाच्या ओघात झालेला आहे. तलवारी, तोफा आणि किल्ल्यांवरील दारूगोळा यांविषयी विपुल लिहिले गेले. परंतु विसाव्या शतकातील सामान्य पायदळ सैनिकाच्या हातात जी रायफल दिली गेली, ती कोणी, कोणत्या निकषांवर आणि कोणत्या पैशातून निवडली, हा प्रश्न सहसा तांत्रिक समजून बाजूस ठेवला जातो. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार राज्याच्या आर्थिक इतिहासाचा एक भाग म्हणून करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रारंभी दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. जुन्या बोल्ट रायफलीत प्रत्येक गोळीनंतर सैनिकाला हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागे. अर्धस्वयंचलित रायफलीत चाप ओढला की एक गोळी सुटते आणि बहुतेक रचनांत त्याच स्फोटातील वायूच्या दाबाने रिकामे काडतूस बाहेर पडून नवे नळीत चढते. दुसरी गोळी सोडण्यासाठी चाप पुन्हा ओढावा लागतो. ‘मोठे कॅलिबर’ म्हणजे येथे साधारण साडेसात ते आठ मिलिमीटर व्यासाची, पूर्ण ताकदीच्या लांब काडतुसातून सुटणारी गोळी अभिप्रेत आहे. एनसीसीच्या शिबिरात .२२ रायफल चालवलेल्या प्राध्यापक बंधुभगिनींनी तिचा खांद्याला बसणारा हलका झटका आठवावा; .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर रायफलीचा दणका त्याच्या कित्येक पट असतो. भारतात अशी अर्धस्वयंचलित रायफल खाजगी व्यक्तीने विकत घेण्यास शस्त्र कायदा, १९५९ सर्वसाधारणपणे वाव देत नाही. त्यामुळे या निबंधात ‘ऐपत’ हा शब्द राज्याच्या तिजोरीच्या संदर्भातच वापरला आहे.

सरकारे रायफल निवडतात असे आपण म्हणतो. उपलब्ध घटनाक्रम पाहता, ती बहुधा कोठारात पडून असलेले काडतूस आणि कारखान्यात उभी असलेली यंत्रे निवडत आली आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९३२ चा अमेरिकन निर्णय :

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या लष्कराने अर्धस्वयंचलित रायफलीचा शोध गांभीर्याने सुरू केला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रागारात दोन अभिकल्पक समांतर काम करीत होते. जॉन पेडरसन यांनी रायफलीआधी काडतुसाचा विचार केला. त्यांचे म्हणणे असे की .३० कॅलिबरचे प्रचलित काडतूस गरजेपेक्षा अधिक जोरकस आहे; .२७६ कॅलिबरचे, म्हणजे सुमारे सात मिलिमीटरचे, काडतूस वापरले तर रायफल हलकी होईल, झटका कमी बसेल आणि सैनिकाला अधिक काडतुसे बरोबर नेता येतील. दुसरे अभिकल्पक जॉन गॅरंड हे मूळचे कॅनडाचे. त्यांची रायफल रचनेने अधिक साधी होती. पेडरसन यांच्या रायफलीला काडतुसांवर मेणाचा लेप द्यावा लागे, गॅरंड यांच्या रायफलीला तशी गरज नव्हती.

१९२८ मध्ये भूल दिलेल्या डुकरांवर गोळ्या झाडून निरनिराळ्या कॅलिबरच्या परिणामांची तुलना करण्यात आली. हा प्रयोग आज वाचतानाही अस्वस्थ करतो, परंतु त्याचा निष्कर्ष महत्त्वाचा होता : प्रत्यक्ष लढाईच्या नेहमीच्या अंतरावर लहान कॅलिबरची गोळी मोठ्या गोळीपेक्षा कमी घातक ठरत नव्हती. पुढील चाचण्यांनंतर जानेवारी १९३२ मध्ये लष्करी मंडळाने .२७६ कॅलिबरमधील गॅरंड रायफलीची शिफारस केली. तांत्रिकदृष्ट्या प्रश्न सुटला होता.

फेब्रुवारी १९३२ मध्ये लष्करप्रमुख जनरल डग्लस मॅकआर्थर यांनी कॅलिबर बदलण्यास नकार दिला. त्यांची कारणे हिशेबाची होती. .३० काडतुसांचा मोठा साठा शिल्लक होता. मशीनगन त्याच काडतुसावर चालत होत्या. आणि युद्धकाळात एकाच पायदळाला दोन प्रकारची काडतुसे पुरवणे ही रसदीची डोकेदुखी ठरली असती. महामंदीचे हे सर्वांत बिकट वर्ष होते. याच वर्षीच्या जुलैमध्ये बोनसच्या मागणीसाठी वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून बसलेल्या माजी सैनिकांना मॅकआर्थर यांच्याच नेतृत्वाखालील फौजेने हुसकावून लावले. जे सरकार जुन्या सैनिकांना बोनस देऊ शकत नव्हते, ते नव्या काडतुसासाठी कारखाने उभारील अशी अपेक्षा करणे व्यर्थ होते.

गॅरंड यांनी आपली रायफल .३० काडतुसासाठी सिद्ध केली. दहाऐवजी आठच काडतुसांची क्लिप तीत बसू लागली. ९ जानेवारी १९३६ रोजी ‘एम-१’ या नावाने ती अधिकृत झाली आणि १९५७ पर्यंत अशा पन्नास लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या. मॅकआर्थर यांचा निर्णय चुकीचा होता काय? पुढील युद्धात अमेरिकेचे बहुतांश पायदळ अर्धस्वयंचलित रायफल घेऊन लढले आणि काडतुसाचा घोळ झाला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगता येते. मात्र ज्या साठ्याच्या नावाने हा निर्णय झाला, तो युद्ध सुरू होईपर्यंत निर्णायक राहिला नव्हता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस लष्कराने त्याच कॅलिबरची पण हलक्या भाराची नवी एम-२ गोळी स्वीकारली होती. तात्पुरत्या काटकसरीने घेतलेला निर्णय पुढील पंचवीस वर्षे टिकतो, हे या प्रकरणात विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

सोव्हिएत रशियाचा अनुभव याच्या उलट दिशेचा आहे. १९४० साली स्वीकारलेली टोकारेव्ह यांची एसव्हीटी-४० ही ७.६२ मिलिमीटरची अर्धस्वयंचलित रायफल लाखोंच्या संख्येने तयार झाली. परंतु १९४१ च्या जर्मन आक्रमणानंतर झालेली हानी भरून काढताना बनवायला सोपी व स्वस्त असलेली जुनी मोसिन बोल्ट रायफलच पुन्हा मोठ्या प्रमाणावर हाती घ्यावी लागली.

नाटोचे एक काडतूस, अनेक ऐपती :

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने .२८० कॅलिबरचे मध्यम काडतूस आणि त्यासाठी ईएम-२ ही आटोपशीर रायफल तयार केली. १९५१ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने तिचा स्वीकारही जाहीर केला. अमेरिका मात्र पूर्ण ताकदीच्या काडतुसावर अडून बसली. त्याच वर्षी पुन्हा पंतप्रधान झालेल्या चर्चिल यांनी नाटोच्या एकजुटीखातर ईएम-२ मागे घेतली आणि ७.६२ × ५१ मिलिमीटर हे काडतूस नाटोचे प्रमाणित काडतूस ठरले. म्हणजे १९३२ चा वाद वीस वर्षांनी पुन्हा झाला आणि त्याच बाजूने निकालात निघाला.

काडतूस एकच असले तरी रायफल प्रत्येक देशाने आपापल्या खिशाप्रमाणे निवडली. ब्रिटनने बेल्जियमच्या एफएन कंपनीची एफएएल रायफल घेतली, पण तिची स्वयंचलित गोळीबाराची सोय काढून टाकली. इतक्या जोरकस काडतुसाचा सतत मारा करताना नळी आवरत नाही आणि काडतुसे वाया जातात, हा त्यामागील विचार. हीच ती सेल्फ लोडिंग रायफल, अर्थात आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेली एसएलआर. पश्चिम जर्मनीने सुमारे एक लाख एफएएल विकत घेतल्या. परंतु त्या स्वतः बनवण्याचा परवाना मिळेना, तेव्हा स्पेनमध्ये विकसित झालेल्या सेटमे रायफलीवरून जी-३ तयार केली. जी-३ चा सांगाडा पत्र्याला ठसे मारून बनत असल्याने ती वेगाने आणि कमी खर्चात तयार होई. इटलीची युक्ती याहून घरगुती होती. बेरेटा कंपनीकडे गॅरंड रायफल बनवण्यासाठी आणलेली विंचेस्टरची यंत्रसामग्री होतीच. त्याच रायफलीला वीस काडतुसांचे मॅगझिन व नवे कॅलिबर देऊन १९५९ मध्ये बीएम-५९ सिद्ध करण्यात आली.

या सर्वांत श्रीमंत असलेल्या अमेरिकेने काय केले? १९५७ मध्ये तिने एफएएल नाकारून स्वतःची एम-१४ स्वीकारली. तिच्या समर्थनार्थ मांडलेला एक मुद्दा असा होता की गॅरंडच्याच यंत्रांवर ती बनवता येईल. प्रत्यक्षात ते शक्य झाले नाही. उत्पादन रखडले आणि १९६३ मध्ये संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी ते थांबवण्याचा आदेश दिला. जुन्या यंत्रांच्या भरवशावरचा जो हिशेब इटलीत जमला, तो अमेरिकेत फसला.

भारत : नामका चू ते ईशापूर :

स्वातंत्र्यानंतर भारतीय पायदळाची मुख्य रायफल ‘थ्री नॉट थ्री’ म्हणजेच .३०३ ली-एनफील्ड हीच राहिली. बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात ती ब्रिटिश काळापासून तयार होत होती आणि खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ पासून उभा होता. काडतूस होते, यंत्रे होती, कारागीर होते. अर्धस्वयंचलित रायफलीची गरज लष्कराला जाणवत नव्हती असे नाही. परंतु दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, विशेषतः १९५७-५८ मध्ये, परकीय चलनाची तीव्र टंचाई निर्माण झाली. पोलाद कारखान्याची यंत्रे आणावीत की रायफलीची, असा प्रश्न ज्यांच्यासमोर होता त्यांना आज दोष देणे सोपे आहे.

त्याची किंमत मात्र दुसऱ्याच कोणी मोजली. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नामका चू नदीच्या काठी चिनी फौजांनी हल्ला केला, तेव्हा त्यांच्याकडे सोव्हिएत नमुन्यावरील अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित रायफली होत्या. भारतीय जवान अपुऱ्या गरम कपड्यांत, पाऊचमधील मोजक्या काडतुसांनिशी, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी बोल्ट ओढत लढले. पराभवाचे कारण केवळ रायफल हे होते असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. रस्ते नव्हते, तोफखाना तुटपुंजा होता आणि राजकीय व लष्करी नेतृत्वाचे अंदाज चुकले होते. तथापि एका गोळीनंतर दुसरी गोळी सुटण्यास लागणारा जो वेळ अंदाजपत्रकात कोठेही दिसत नाही, तो त्या नदीकाठी दिसला.

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य महाराष्ट्रात आजही उच्चारले जाते. त्यामागे कारखाने, यंत्रे आणि काडतुसे यांचा जो रुक्ष व्यवहार होता, त्याची चर्चा अभावानेच होते. ७.६२ × ५१ मिलिमीटर काडतूस स्वीकारून ईशापूरला एसएलआरची भारतीय आवृत्ती, १ए१, तयार होऊ लागली. १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी नवा कारखाना उभा राहिला.

या संक्रमणकाळातील एक वस्तू प्रस्तुत लेखकास सर्वांत बोलकी वाटते. सर्व सैन्याला पुरतील इतक्या एसएलआर लगेच बनणे अशक्य होते. तेव्हा ईशापूरच्या कारखान्याने जुनी ली-एनफील्डच अधिक मजबूत पोलादात, नव्या ७.६२ काडतुसासाठी घडवली. ‘२ए’ व पुढे ‘२ए१’ या नावाची ही रायफल बोल्टचीच होती. काडतूस नवे, यंत्रे जुनी आणि वेग पूर्वीचाच, अशी ती तडजोड. १ए१ एसएलआरच्या दस्त्यालाही ली-एनफील्डचीच बटप्लेट बसवलेली असून तिच्या झडपेआड तेलाची बाटली आणि नळी पुसायचा पुलथ्रू ठेवण्याची जुनी सोय तशीच राहिली. १९६५ च्या युद्धात अनेक तुकड्या अद्याप .३०३ च वापरत होत्या. १९७१ मध्ये मात्र एसएलआर ही पायदळाची मुख्य रायफल झालेली होती.

एकाच देशात तीन खिसे :

१९९० च्या दशकात पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने अभिकल्पित केलेली ५.५६ मिलिमीटरची इन्सास रायफल आली आणि मोठे कॅलिबर मागे पडले, असे वाटले. तसे झाले नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने सुमारे सातशे कोटी रुपयांना ७२,४०० सिग-७१६ रायफली अमेरिकेतून घेण्याचा करार केला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी ७३,००० रायफलींची मागणी नोंदवली. त्यांचे काडतूस तेच, ७.६२ × ५१. उर्वरित मोठ्या फौजेसाठी डिसेंबर २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ रायफली अमेठीजवळील कोरवा येथे बनवण्याचा पाच हजार कोटींहून अधिक रकमेचा करार झाला. या रायफलीचे कॅलिबर ७.६२ असले तरी काडतूस आखूड, ३९ मिलिमीटरचे आहे. आघाडीवरील पायदळाला आयात केलेली जोरकस रायफल आणि इतरांना देशात बनणारी मध्यम ताकदीची, अशी विभागणी ऐपतीनेच घडवली आहे.

तिसरा खिसा राज्यांच्या पोलिसांचा. सैन्याने टाकलेली रायफल पोलिसांकडे येते, हा शिरस्ता जुना आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके प्रकारच्या रायफली घेऊन आलेल्या दहशतवाद्यांसमोर जे पोलीस उभे होते, त्यांच्यातील काहींच्या हाती .३०३ होती, तर अनेकांकडे फक्त लाठी होती. नामका चूला तेव्हा सेहेचाळीस वर्षे उलटून गेली होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी .३०३ रायफलीला समारंभपूर्वक निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात.