शीतनाची दिशा आणि एक पाठचूक

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आता डेटा सेंटरे उभी आहेत. आत माहिती साठवणारी यंत्रे आणि त्यांना थंड ठेवणारी दुसरी यंत्रे. थंडावा निर्माण करण्याचा एक मार्ग चुंबकाचाही आहे, आणि त्याच्या इतिहासात साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीची वाटावी अशी एक पाठचूक दडलेली आहे.

चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थातील आण्विक चुंबक एका दिशेने वळतात, त्यांची अव्यवस्था घटते आणि पदार्थ तापतो. ती उष्णता काढून घेऊन क्षेत्र दूर केले, की तो थंड होतो. हा परिणाम एमिल वारबुर्ग यांनी १८८१ मध्ये लोखंडात शोधला, हे वाक्य असंख्य शोधनिबंधांच्या आरंभी भेटते. २०१३ मध्ये अँडर्स स्मिथ यांनी मूळ लेखाकडे परत जाऊन दाखवले, की वारबुर्ग यांचा विषय निराळाच होता: लोखंड पुनःपुन्हा चुंबकित करताना वाया जाणारी ऊर्जा. खरा शोध पिएर वाइस आणि ऑगस्ट पिकार यांचा, १९१७ मधला. सुमारे ३५४ अंश सेल्सिअसला निकेल क्षेत्रात जेमतेम ०.७ अंशाने तापले, आणि क्षेत्र काढताच पुन्हा निवले. परिणामाला नावही त्यांनीच दिले. मूळ संहिता न उघडता अवतरण पुढे सरकवण्याची खोड केवळ आपल्याच प्रबंधांत नाही, हे पाहून (थोडे) बरे वाटले.

पुढे डिबाय आणि जिओक यांनी स्वतंत्रपणे या परिणामाने अतिशीत तापमान गाठण्याची कल्पना मांडली. १९३३ मध्ये जिओक व मॅकडूगल गॅडोलिनियम सल्फेट वापरून ०.२५ केल्व्हिनपर्यंत उतरले. गॅडोलिनियम हे विरल मृत्तिकांपैकी एक. ही मूलद्रव्ये फारशी विरल नाहीत आणि मृत्तिकाही नाहीत, पण नाव चिकटले ते चिकटले. त्याच्या चुंबकत्वाला जबाबदार असलेला इलेक्ट्रॉनांचा मेघ गोलाकार असतो, म्हणून क्षेत्र कोणत्या बाजूने लावले याने फारसा फरक पडत नाही. या कथेचा नायकच दिशेला उदासीन निघाला. दिशेचा प्रश्न मागे राहिला त्याचे हेही एक कारण असावे, असे मला वाटते.

प्रासिओडिमियमचे तसे नाही. त्याचा मेघ गोल नसतो. भोवतालच्या अणूंची रचना त्याला विशिष्ट दिशेकडे ओढते. मात्र बहुस्फटिकी तुकड्यात असंख्य कण वाटेल तसे वळलेले असल्याने मापनात केवळ सरासरी उरते. दिशा दिसायला एकसंध स्फटिकच हवा. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ए. थमिळवेल, एस. के. धर आणि सहकाऱ्यांनी प्रासिओडिमियम आणि सिलिकॉन यांच्या संयुगाचा असा स्फटिक वितळलेल्या द्रवातून हळूहळू वर ओढून वाढवला. ते काम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. हे संयुग ५२ केल्व्हिनला लोहचुंबकी होते. स्फटिकाच्या तीन अक्षांपैकी एकाच अक्षावर ते सहज चुंबकित होते, आणि शीतनाचा परिणामही मोठा आढळला.

५२ केल्व्हिन म्हणजे उणे २२१ अंश सेल्सिअस. रबाळ्यातल्या यंत्रांना त्याचा उपयोग नाही. पण हायड्रोजन द्रवरूप करायचा, तर वाट याच तापमानांतून जाते.