‘भीती वाटते’ नव्हे, ‘भीती घातली’ म्हणा

‘मला भीती वाटते’ हे वाक्य नीट ऐका. त्यात भिणारा आहे, भीती आहे. भीती घालणारा मात्र कुठेच नाही. जणू भीती ही थंडीतापासारखी आपोआप अंगात येते. गावगाड्याने दिलेले बाकीचे शब्दही तसेच आहेत. पाटलाचा दरारा, वाड्याचा वचक, गावाचा धाक. हे शब्द गुन्ह्याचे नाहीत, कौतुकाचे आहेत. ज्याचा धाक तो मोठा माणूस! आणि ज्याच्यावर धाक बसवला, तो ‘भित्रा’. धमकावणे, दम देणे, भेडसावणे ही क्रियापदे मराठीत नाहीत असे नाही. पण ती तक्रार म्हणून उच्चारायला महारवाड्याला, मांगवाड्याला जागा नव्हती, कारण ज्याच्यापुढे तक्रार करायची तोच बहुतेक वेळा धाक घालणारा होता.

म्हणून इंग्रजी कायद्याबरोबर आलेल्या भीतीच्या शब्दांचा इतिहास आपल्या तरुणांना माहीत असला पाहिजे. इंग्रजांचे गोडवे गाण्यासाठी नव्हे; बाबासाहेबांनी त्या शब्दांचे काय केले, हे समजण्यासाठी.

पहिला शब्द ‘इंटिमिडेशन’. लॅटिनमध्ये ‘टिमिडस’ म्हणजे भित्रा. ‘इंटिमिडेट’ करणे म्हणजे दुसऱ्याला भित्रा बनवणे. म्हणजे माणूस भित्रा जन्मत नाही, त्याला भित्रा केले जाते, आणि करणारा कोणीतरी असतो. 1860 च्या भारतीय दंडविधानाने कलम 503 मध्ये याला गुन्हा ठरवले. आज भारतीय न्याय संहितेत तेच कलम 351 आहे. हा मोठा बदल होता. पण त्या कायद्याच्या डोळ्यापुढे एक माणूस दुसऱ्या माणसाला धमकी देतो, एवढेच चित्र होते. अख्खे गाव एका वस्तीला धमकी देते, तीही हात न उचलता, हे त्या चित्रात बसत नव्हते. दुकानदाराने मीठ-पीठ द्यायचे नाही, शेतावर काम द्यायचे नाही, वाट बंद करायची. यात मारहाण कुठे आहे? शिवी तरी कुठे आहे?

इथे दुसरा शब्द येतो, ‘बॉयकॉट’. हे मुळात एका माणसाचे आडनाव. 1880 मध्ये आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा जमीनदाराचा कारभारी होता. खंडाने गांजलेल्या कुळांनी त्याच्याशी सगळा व्यवहार तोडला आणि त्याचे नाव शब्दकोशात गेले. तिथे हे हत्यार गरिबांनी जमीनदाराविरुद्ध उपसले होते. आपल्याकडे तेच हत्यार, शब्द जन्मण्याच्या कितीतरी शतके आधीपासून, जमीनवाला भूमिहीनावर चालवत होता. आपण त्याला वाळीत टाकणे म्हणत होतो. शब्द एकच, पण तो कोणाच्या हातात आहे यावर त्याचा अर्थ ठरतो.

बाबासाहेबांनी हे फार लवकर ओळखले. 1924 मध्ये सभा काढली ती बहिष्कृत हितकारिणी सभा. 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रहानंतर पाक्षिक काढले ते ‘बहिष्कृत भारत’. ज्या शब्दाने आपल्याला भ्यायला लावले जात होते, तोच त्यांनी मथळ्यावर छापला. पुढे मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीत ते सदस्य होते. त्या समितीने 1930 च्या अहवालात नोंदवले की अस्पृश्यांना दडपण्यासाठी उघड मारहाणीपेक्षाही सामाजिक बहिष्कार जास्त परिणामकारक ठरतो.

त्याच वर्षी लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना मांडली. त्यात त्यांनी ब्रह्मदेशाच्या 1922 च्या बहिष्कारविरोधी कायद्यातली कलमे थोड्या फरकाने घेतली. आणि लक्षात घ्या, गुन्हे एक नाही, तीन सांगितले: बहिष्कार घालणे, बहिष्काराला चिथावणी देणे आणि बहिष्काराची धमकी देणे. तिसरा गुन्हा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बहिष्कार पडण्याआधी त्याची भीती पडते, आणि माणूस त्या भीतीनेच मागे फिरतो, हे बाबासाहेबांना ठाऊक होते.

1955 च्या अस्पृश्यता कायद्यात बहिष्काराचा उल्लेख आला. पण 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्यात सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार ‘घालणे किंवा त्याची धमकी देणे’ हा स्पष्ट गुन्हा व्हायला 26 जानेवारी 2016 उजाडावे लागले. लंडनची मागणी या कायद्यात उतरायला 86 वर्षे लागली!

आता आपल्या नगर जिल्ह्याकडे या. राहात्याशेजारच्या श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावात डिसेंबर 1939 मध्ये बाबासाहेबांनी महार वतनदार परिषदेत भाषण केले. त्याच हरेगावात ऑगस्ट 2023 मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारले गेले, आणि त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. मार टांगलेल्यांना बसला. धडा बघणाऱ्यांना द्यायचा होता. ‘टेरर’ या शब्दाचा अर्थ हाच: एकाला मारून हजारांना भिववणे. मे 2015 मध्ये आमच्याच तालुक्यातल्या शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून एका नर्सिंगच्या विद्यार्थ्याला मारून टाकल्याचा गुन्हा नोंदला गेला. त्यानंतर किती पोरांनी फोनचा आवाज बारीक केला असेल, याची नोंद कोणत्या पोलीस ठाण्यात होते?

इंग्रजीचा प्रत्येक शब्द आपल्या बाजूचा आहे असेही समजू नका. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एप्रिल 2014 मध्ये 17 वर्षांच्या शाळकरी मुलाचा खून झाला. साक्षीदार उलटले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. असा उलटलेला साक्षीदार इंग्रजी कायद्यात ‘होस्टाईल’, म्हणजे शत्रू; मराठीत ‘फितूर’. त्याच गावात घर, त्याच गावात रान, आणि ज्यांच्याविरुद्ध बोलायचे तेही त्याच गावातले. अशा माणसाला भीती घातली गेली का, हे न विचारताच शब्द त्याला गद्दार ठरवून मोकळा होतो. कायद्यात आज कलम 15अ आहे. पीडित आणि साक्षीदार यांना धाकदपटशा, जबरदस्ती, आमिष आणि हिंसेच्या धमकीपासून संरक्षण देणे हे त्यात राज्याचे कर्तव्य म्हटले आहे. साक्षीदाराला शिव्या देण्याआधी हे कलम त्याच्यासाठी मागितले का, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

शेवटचा शब्द ‘ॲट्रॉसिटी’. लॅटिन ‘ॲट्रॉक्स’ म्हणजे क्रूर. हा शब्द करणाऱ्याच्या कृत्याचे नाव आहे. पण आज गावात तो कसा वापरतात? ‘हे लोक ॲट्रॉसिटीची भीती दाखवतात.’ म्हणजे क्रौर्याचे नाव फिर्यादीच्या गळ्यात, आणि भ्यायलेला कोण, तर जातदांडगा! 20 मार्च 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या गैरवापराचेच कारण देऊन अटकेवर अटी घातल्या. 2 एप्रिलला देश बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेने कलम 18अ आणून त्या अटी काढल्या, आणि 2020 मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. इंग्रजीत ‘टेरर’ आणि ‘डिटरंट’ एकाच धातूचे शब्द आहेत. पण निरपराधाला भिववणे वेगळे आणि गुन्हा करू पाहणाऱ्याला कायद्याचा वचक बसणे वेगळे. ज्याला अत्याचार करायचा नाही, त्याला ॲट्रॉसिटी कायद्याची भीती कशाला?

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे एवढेच आहे. फिर्याद लिहिताना ‘आम्हाला भीती वाटते’ इथे थांबू नका. कोणी भीती घातली, कोणत्या शब्दांत, कुठे, कोणासमोर, आणि काय करायला किंवा सोडायला लावले, ते लिहा. ‘किरकोळ वाद’ हे शब्द खपवून घेऊ नका. कलम 4 प्रमाणे फिर्याद वाचून दाखवणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. ती ऐकल्याशिवाय सही करू नका. दुकान बंद केले, काम बंद केले किंवा नुसती तशी धमकी दिली, तरी तो गुन्हा आहे, हे वस्तीतल्या प्रत्येक घरात सांगा. या वाक्याला कर्ता मिळवून द्यायला बाबासाहेब लंडनपर्यंत गेले होते. पोलीस ठाण्यात तो कर्ता गाळू देऊ नका.

जय भीम!