प्रेमानंद रामाणी

डॉ. प्रेमानंद शांताराम रामाणी (जन्म : १९३८, वाडी-तळावली, गोवा) हे मुंबईतील मेंदू व मणक्यांचे शल्यविशारद आणि मराठी लेखक आहेत. कमरेच्या मणक्यांवरील ‘प्लिफ’ ही शस्त्रक्रिया भारतात रुजविण्याशी त्यांचे नाव जोडले जाते.

पार्श्वभूमी

वाडी-तळावली हे फोंडा तालुक्यातील गाव. रामाणी यांचे बालपण पोर्तुगीज राजवटीत गेले. १९७० च्या दशकात त्यांनी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे मज्जाशल्यचिकित्सेत काम केले. मायदेशी परतल्यावर ते शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात विभागप्रमुख झाले. पुढे लीलावती रुग्णालयात त्यांनी काम केले.

मणक्याच्या विकारांकडे पाहण्याची दृष्टी

न्यूकॅसलमधील त्यांचे दोन शोधनिबंध आजही वाचण्याजोगे आहेत. पहिला (१९७५, पेरी व टॉमलिन्सन यांच्यासह) मणक्यांमागील पीत अस्थिबंधाविषयी, तर दुसरा (१९७६) कटिप्रदेशातील अस्थिनलिकेच्या कमी-अधिक रुंदीविषयी आहे. सरकलेली चकती हेच दुखण्याचे एकमेव कारण मानण्याच्या काळात मज्जातंतूला मुळात जागा किती आहे, हा प्रश्न त्यांत विचारलेला दिसतो. तेवढ्याच फुगवट्याने एकाचा पाय बधिर होतो व दुसऱ्याला जाणवतही नाही, याचा उलगडा त्यामुळे काही अंशी होतो.

‘प्लिफ’ म्हणजे पाठीच्या बाजूने शिरून दोन कटिमणके एकमेकांस सांधणे. ही पद्धत होनोलुलूचे राल्फ क्लोवर्ड यांनी १९४० च्या दशकात पुढे आणली. केवळ चकती काढल्यास मधली जागा खचते आणि मज्जातंतू बाहेर पडण्याची छिद्रे अरुंद होऊ शकतात. म्हणून तेथे अस्थिरोपण करून उंची राखावयाची, हे तिचे तत्त्व. मात्र त्यासाठी मज्जातंतूंची मुळे बाजूस ओढावी लागतात. रक्तस्राव व इजेच्या भीतीने अनेक शल्यविशारद तिच्यापासून दूर राहिले. रामाणी यांनी तिचा पाठपुरावा केला व तिच्यावर इंग्रजीत ग्रंथही लिहिला. पेचस्क्रू व धातूचे पिंजरे आल्यावर ती अधिक प्रचलित झाली.

तरीही साध्या चकती-सरकण्यात मणके सांधण्याची सहसा गरज नसते, असे आजचे सर्वसाधारण मत आहे. पायात उतरणारी कळ बहुधा काही आठवड्यांत शस्त्रक्रियेविनाच कमी होते. उलट लघवीवरील ताबा जाणे किंवा पायातील बळ झपाट्याने घटणे ही तातडीची लक्षणे होत; तेथे विलंब झाल्यास झालेली हानी भरून येईलच असे नाही.

लेखन व इतर कार्य

‘ताठ कणा’ हे त्यांचे आत्मचरित्र. त्याच नावाचा मराठी चित्रपट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. रामाणी स्वतः दीर्घ पल्ल्याचे धावपटू असून त्यांच्या नावाची मॅरेथॉन गोव्यात भरते.