विनेग्रेत : रशियन जेवणातील बिटाची कोशिंबीर

'रशियन सॅलड' म्हटले की आपल्याकडे लग्नसमारंभातील किंवा हॉटेलातील एक पांढराशुभ्र पदार्थ डोळ्यांपुढे येतो. उकडलेला बटाटा, गाजर, मटार, कधी अननसाच्या फोडी आणि या सर्वांवर सढळ हाताने ओतलेले मेयोनेज. रशियात मात्र या नावाने कोणी काही ओळखत नाही. या पदार्थाचा मूळपुरुष म्हणजे 'ओलिव्हिए'. मॉस्कोच्या 'एर्मिताझ' या उपाहारगृहात ल्युसियँ ओलिव्हिए या आचाऱ्याने १८६०च्या दशकात तो प्रथम केला. त्यात तेव्हा रानपक्ष्यांचे मांसही असे. तो मेजवानीचा पदार्थ. रोजच्या जेवणात मुख्य पदार्थाच्या बाजूला वाढली जाणारी, घराघरांतली आणि खाणावळींतली कोशिंबीर निराळीच आहे. ती बिटाची, गडद लाल रंगाची असून तिचे नाव 'विनेग्रेत'.

नाव अर्थातच फ्रेंच आहे. तेल आणि व्हिनेगर एकत्र घुसळून केलेल्या मिश्रणाला फ्रेंचमध्ये 'व्हिनेग्रेत' म्हणतात. रशियात तो शब्द मिश्रणावरून उडी मारून पदार्थालाच चिकटला. पहिल्या अलेक्झांडर झारच्या मुदपाकखान्यात कारेम या प्रख्यात फ्रेंच आचाऱ्याने स्थानिक आचाऱ्यांना भाज्यांवर काही ओतताना पाहिले आणि 'व्हिनेगर?' असे विचारले. त्यांना ते पदार्थाचेच नाव वाटले, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती गोड आहे, पण तिच्यावर फार भार टाकू नये. कारेम १८१९ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेला खरा. मात्र तेथे तो फार काळ रमला नाही. त्या काळात रशियन उमरावांच्या घरी फ्रेंच भाषा आणि फ्रेंच आचारी दोन्ही सर्रास होते. नावाच्या उगमासाठी एवढे कारण पुरेसे आहे.

आजच्या रशियन भाषेत 'विनेग्रेत' या शब्दाला लाक्षणिक अर्थही आहे. परस्परांशी मेळ नसलेल्या गोष्टींच्या सरमिसळीला विनेग्रेत म्हणतात. आपण राजकीय आघाडीला 'कडबोळे' म्हणतो, तसेच हे.

पारंपरिक म्हणजे किती जुने?

विनेग्रेतला 'पारंपरिक रशियन' म्हणण्याची पद्धत आहे. त्यातले बीट रशियात जुने आहे. तिथल्या माणसाने शतकानुशतके ते उकडून, आंबवून, सारात घालून खाल्ले. कोबी आणि काकडी खारवण्याची रीतही जुनी. बटाट्याचे तसे नाही. हे पीक सरकारने लादू पाहिले तेव्हा रशियन शेतकऱ्यांनी १८३४ मध्ये आणि पुन्हा १८४०च्या दशकात चक्क दंगे केले. इतिहासात ते 'बटाट्याचे दंगे' म्हणूनच नोंदले गेले आहेत. ज्या कोशिंबिरीचा निम्मा जीव बटाट्यात आहे, ती आजच्या रूपात फार प्राचीन असू शकत नाही. एकोणिसाव्या शतकातील विनेग्रेतमध्ये उरलेले भाजलेले मांस, खारवलेले मासे, शिकारीचे पक्षी असे बरेच काही पडत असे. केवळ भाज्यांचे, स्वस्त आणि सर्वांना परवडणारे विनेग्रेत ही पुढच्या काळातील घडण. विसाव्या शतकात कारखान्यांच्या, शाळांच्या आणि इस्पितळांच्या खाणावळींनी ती देशभर पोहोचवली.

या घडणीमागे दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही टंचाईच्या. पहिली ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती उपवासांची. ईस्टरपूर्वीचा दीर्घ उपवास, नाताळपूर्वीचा उपवास, उन्हाळ्यातील दोन आणि शिवाय बहुतेक बुधवार-शुक्रवार. नियम काटेकोर पाळले तर वर्षाचे जवळजवळ निम्मे दिवस मांस, दूध, लोणी आणि अंडी वर्ज्य ठरतात. अशा दिवशी पानात चवीचे, रंगाचे आणि पोट भरणारे काही हवे असेल तर तळघरातील कंदमुळे आणि बरणीतील खारवलेल्या भाज्या यांच्याकडेच वळावे लागे. (बटाटा त्यांच्याही उपवासाला चालतो, हे वाचून आपल्याकडील साबुदाणाप्रेमींना आनंद व्हावा. कांदा मात्र त्यांना चालतो.) दुसरी गोष्ट हिवाळ्याची. रशियाच्या बहुतांश भागात सहा-सहा महिने शेतात हिरवे पान उगवत नाही. बीट आणि गाजर वाळूत पुरून, बटाटे अंधारात, कोबी पिंपात अशी सारी तजवीज शरद ऋतूतच करावी लागे. विनेग्रेतमधील एकही मूळ घटक असा नाही, की जो मार्च महिन्यात तळघरात सापडणार नाही.

हे केवळ जुन्या काळापुरते नव्हते. सोव्हिएत काळात शहरी कुटुंबांना गावाबाहेर सहाशे चौरस मीटरचे जमिनीचे तुकडे मिळत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर पगार वेळेवर मिळेनासे झाले, किमती भडकल्या. तेव्हा याच तुकड्यांवरच्या बटाट्यांनी, बिटांनी आणि कोबीने असंख्य शहरी कुटुंबांचे हिवाळे निभावून नेले. त्या पिढीला विनेग्रेत हा पदार्थ नुसता 'बाजूला वाढण्याचा' वाटत नाही, यात नवल नाही.

तेलाची गोष्ट

विनेग्रेतचा खरा वास सूर्यफुलाच्या तेलाचा. सूर्यफूल मूळचे अमेरिकेचे. रशियात ते शोभेचे झाड म्हणून आले. १८२९ मध्ये व्होरोनेझ प्रांतातील अलेक्सेयेव्का या गावी, काउंट शेरेमेत्येव यांचा भूदास असलेल्या दनिईल बोकारेव याने बियांचे तेल काढून पाहिले आणि काही वर्षांत तेथे घाणे उभे राहिले. उपवासाला चालणारे म्हणून या तेलाला रशियन लोक 'उपवासाचे तेल' असेच म्हणू लागले. विनेग्रेतसाठी ते शुद्ध न केलेले, भाजलेल्या बियांचा खमंग दरवळ असलेले लागते.

या तेलाचा आपल्याशीही एक धागा आहे. भारतात सूर्यफुलाची व्यापारी लागवड सुरू झाली ती १९६९च्या सुमारास, सोव्हिएत संघातून आणलेल्या वाणांवर. त्यातील 'पेरेदोविक' हे वाण सर्वाधिक गाजले. क्रास्नोदार येथील शास्त्रज्ञ व्ही. एस. पुस्तोवोइत यांनी बियांतील तेलाचे प्रमाण वाढवण्यासाठी केलेल्या दीर्घ कामाची ही फळे होती. पुढे सोलापूर आणि मराठवाड्याच्या शिवारांत जी पिवळी फुले डोलू लागली, त्यांची वंशावळ अशी रशियाला जाऊन मिळते. आपण डब्यातून ओततो ते शुद्ध केलेले तेल मात्र जवळजवळ निर्गंध असते. घाण्याचे तेल मिळाले तर तेच घ्यावे. तीळतेल किंवा मोहरीचे तेल घालण्याचा मोह टाळावा. पदार्थ चांगला होईल, पण तो विनेग्रेत राहणार नाही.

आंबट कोठून आणावे?

बहुतेक पाककृती येथेच घसरतात. नावात व्हिनेगर आहे म्हणून व्हिनेगर ओतले की झाले, असे मानले जाते. वास्तविक या कोशिंबिरीतील आंबटपणा आंबवलेल्या कोबीचा आणि खारवलेल्या काकडीचा असतो. दोन्हींत व्हिनेगरचा थेंबही नसतो. मिठाच्या सान्निध्यात भाजीवरील जिवाणू साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. दही लागताना जे आम्ल तयार होते तेच हे. त्याची चव गोलसर, रेंगाळणारी असते. व्हिनेगरचा आंबटपणा जिभेला टोचतो आणि विरून जातो. बाजारात मिळणारी बाटलीतील काकडी बहुधा व्हिनेगरमधील, पुष्कळदा गोडसरही असते. तिने वेळ निभावते, चव निभावत नाही.

कोबी घरी आंबवणे अवघड नाही. एक किलो बारीक चिरलेल्या कोबीला २० ते २५ ग्रॅम मीठ आणि एक किसलेले गाजर घालून पाणी सुटेपर्यंत हाताने चोळावे. स्वच्छ काचेच्या बरणीत घट्ट दाबून भरावे, वर वजन ठेवावे. कोबी स्वतःच्या पाण्याखाली पूर्ण बुडालेला राहिला पाहिजे. वर राहिलेल्या भागावर बुरशी येते. झाकण सैल असावे, आणि रोज एकदा लाकडी काडीने तळापर्यंत टोचून वायू बाहेर काढावा, नाहीतर कडवटपणा येतो. रशियन घरात याला आठवडा लागतो. आपल्या हवेत तीन-चार दिवसांत कोबी आंबट होतो. मग तो शीतकपाटात ठेवावा. काकडीसाठी एक लिटर पाण्यात ५० ते ६० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात कोवळ्या, लहान काकड्या, लसूण आणि शेपू घालतात. रशियन माणसाचा हा अत्यंत आवडता 'उक्रोप' म्हणजे आपला शेपूच, किंवा त्याचा अगदी सख्खा भाऊ. तिकडे मनुकांच्या झुडपाची आणि ओकची पानेही घालतात; ती नसली तरी काम अडत नाही.

साहित्य आणि कृती

सहा जणांना बाजूला वाढण्यापुरते : मध्यम आकाराची दोन बिटे (सुमारे ३०० ग्रॅम), तितकेच बटाटे, दोन गाजरे, खारवलेल्या दोन-तीन लहान काकड्या, वाटीभर आंबवलेला कोबी, एक लहान कांदा, चार-पाच मोठे चमचे तेल, मिरपूड आणि चवीपुरते मीठ. मीठ शेवटी, चाखूनच घालावे, कारण कोबी आणि काकडी यांनी ते आधीच आणलेले असते.

बीट सोलू नये, चिरू नये. शेंडीकडचे दोन बोटे देठ आणि खालची मुळी तशीच ठेवून धुवावे आणि अख्खे शिजवावे. बिटाचा लाल रंग पाण्यात सहज विरघळतो. साल फाटली की रंगही गेला आणि गोडीही गेली. उघड्या पातेल्यात तासभर लागतो, कुकरमध्ये पाच-सहा शिट्ट्या. भट्टीची सोय असेल तर कागदी पन्नीत गुंडाळून भाजावे; चव अधिक दाट होते. शिजण्याची घाई म्हणून पाण्यात सोडा टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की अल्कलीत हा रंग मळकट होतो आणि आम्लात खुलतो. बटाटे आणि गाजरेही सालीसकट, पण वेगळ्या भांड्यात शिजवावीत. बटाटा मेणासारखा घट्ट राहणारा हवा. पिठूळ जातीचा बटाटा ढवळताना मोडतो आणि कोशिंबिरीचे भरीत होते.

सर्व काही पूर्ण गार झाल्यावरच चिरायचे. गरम बटाट्याचा सुरीखाली लगदा होतो. फोडी सर्वांच्या सारख्या, हरभऱ्याच्या दाण्याहून किंचित मोठ्या असाव्यात. कोबीचा आणि काकडीचा रस हाताने हलकेच पिळून वेगळा ठेवावा.

आता रशियन गृहिणीची खरी युक्ती. बिटाच्या फोडी वेगळ्या भांड्यात घेऊन त्यांवर निम्मे तेल घालावे, नीट चोळावे आणि दहा मिनिटे थांबावे. बिटाचा रंग पाण्यात उतरतो, तेलात नाही. तेलाचा पातळ थर बसला की बीट आपला रंग बऱ्याच अंशी स्वतःजवळ ठेवते. बटाटा पिवळट, गाजर केशरी, काकडी हिरवी असे सगळे निरनिराळे दिसते. ही युक्ती न करता सर्व एकत्र ढवळले तर पाच मिनिटांत एकजात जांभळा रंग येतो. तसे आवडणारेही आहेत आणि ते चूक आहेत असे मी म्हणणार नाही. पण पाहुण्यांपुढे ठेवायचे असेल तर पहिली रीत बरी.

मग बटाटा, गाजर, काकडी, कोबी आणि बारीक चिरलेला कांदा एकत्र करून त्यावर उरलेले तेल, मिरपूड आणि हवी असल्यास चिमूटभर वाटलेली मोहरी घालावी. बीट अगदी शेवटी मिसळावे. आंबटपणा कमी वाटला तर पिळून ठेवलेला रस चमच्या-चमच्याने घालावा. दोन्ही आंबवलेले घटक मिळालेच नाहीत तरच तीन भाग तेलाला एक भाग व्हिनेगर हे मिश्रण वापरावे. अर्धा तास शीतकपाटात ठेवून वाढावे. रशियात ते राईच्या काळ्या पावाबरोबर आणि खारवलेल्या हेरिंग माशाबरोबर वाढतात. आपल्याकडे तळलेल्या किंवा भाजलेल्या माशाशी त्याचे चांगले जमते.

मटार घालावा की नाही, यावर रशियन घरांत दोन तट आहेत. डबाबंद मटार ही सोव्हिएत काळातील भर. हंगेरीहून येणाऱ्या 'ग्लोबस' मटाराच्या डब्यांना तेव्हा मोठी मागणी असे. काहींच्या मते कोबी असला की मटार नको, मटार असला की कोबी नको. उपवासाच्या दिवशी पोटभरीसाठी उकडलेला राजमाही घालतात. मेयोनेज मात्र कोणत्याच तटाला मान्य नाही. फिनलंडमध्ये नाताळच्या जेवणात असते ती 'रोसोली' ही याच कुळातील कोशिंबीर. तिचे नाव खारवणीच्या पाण्याला असलेल्या 'रस्सोल' या रशियन शब्दावरून आले. युक्रेन, बेलारूस आणि बाल्टिक देशांतही विनेग्रेत तितकेच घरचे मानले जाते.

शिजवलेल्या भाज्या न मिसळता, न चिरता शीतकपाटात दोन दिवस राहतात. एकदा कांदा आणि तेल पडले की विनेग्रेत त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावे. उकाड्यात मेजावर तासन्‌तास ठेवू नये. बीट खाल्ल्यावर काहींच्या लघवीला गुलाबी छटा येते, ती निरुपद्रवी असते. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र बिटातील ऑक्झलेटचे प्रमाण ध्यानात घेऊन वैद्यांचा सल्ला घ्यावा, आणि रक्तदाब असणाऱ्यांनी कोबी व काकडी पाण्याने एकदा खळबळून घ्यावीत. उरलेले खारवणीचे पाणी फेकू नये. पुढच्या बरणीत त्यातले दोन चमचे घातले की कोबी एक दिवस आधीच आंबतो.